पणजोबांच्या नावाखालचा शब्द

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं कच्चं मुद्रित हातात आलं तेव्हा मी दुकानात होतो. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ छापलेलं जाडजूड पुस्तक. मूळ पुरुष वर, त्याचे मुलगे खाली, त्यांचे मुलगे त्याखाली, असं करत करत आजच्या पिढीपर्यंत. मी सरळ आमचं पान उघडलं. पणजोबांचं नाव होतं. त्याखाली रेघ ओढून माझ्या आजोबांचं नाव असायला हवं होतं. जुन्या आवृत्तीत तसं होतं. इथे रेघ नव्हती. एकच शब्द होता : निर्वंश.

समोर एक गिऱ्हाईक मॉनिटरची किंमत कमी करा म्हणून मागे लागलं होतं. "घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढच्या दुकानात जा," मी म्हणालो. तो गेला. एरवी मी असं गिऱ्हाईक पायरी उतरू देत नाही.

पानं उलटत गेलो तेव्हा आम्ही शेवटी सापडलो. आजोबा, वडील, मी आणि माझी मुलगी. परिशिष्टात. वर मथळा होता, 'रक्तसंबंध नसलेल्या शाखा'.

दर पितृपक्षात मी तीन पिंड ठेवतो. वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. गुरुजी नाव विचारतात, गोत्र विचारतात, मी सांगतो. माझ्या वडिलांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांनी सांगितलं. ज्या माणसाच्या नावाने तीन पिढ्या पाणी सोडतायत, तो निर्वंश. मला तो शब्द पुस्तकातून काढायचा होता. बाकी काही नको होतं.

हे पुस्तक काढणाऱ्या आमच्या कुलमंडळाशी माझं आधीपासूनच वाकडं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वडील कारकून होते आणि लवकर गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बुधवार पेठेत फूटपाथवर पोतं अंथरून रेडिओचे सुटे भाग विकत होतो. गणपतीच्या दर्शनाला येणारे आमचे नातेवाईक मी दिसलो की पलीकडच्या बाजूने जात. मंडळाचे आताचे अध्यक्ष तेव्हा पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. नात्याने माझे लांबचे चुलत काका. एकदा ते अगदी पोत्याला लागून चालले होते म्हणून मी हाक मारली, "काका!" ते थांबले. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "ओळखीचा आहे. भंगार विकतो."

भंगार म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. ते खरंच होतं. 'ओळखीचा' म्हटल्याचं वाटलं.

मग बाहेरचा माल देशात यायला लागला. मी रेडिओ सोडून कॉम्प्युटरचे भाग आणायला लागलो, ते जोडून अख्खे कॉम्प्युटर विकायला लागलो, आणि हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या आत केबल टाकायची कामं घ्यायला लागलो. माझा भाव मी कधी आधी सांगितला नाही आणि समोरच्याच्या पहिल्या भावाला कधी हो म्हटलं नाही. एवढीच माझी विद्या. मंडळाला मग आमचं नातं आठवलं. त्यांच्या कार्यालयातला कॉम्प्युटर मीच बसवून दिला. तो शब्द टाइप झाला तो त्याच्यावर.

आमची शाखा परिशिष्टात जायचं कारण होतं गालातून फिरवलेली एक काडी. अमेरिकेत राहणाऱ्या एका सभासदाने कळवलं होतं की आता नुसत्या ऐकीव माहितीवर वंशावळी छापायचे दिवस गेले. प्रत्येक शाखेतल्या एका पुरुषाची डीएनए तपासणी करू, म्हणजे पुस्तक शास्त्रीय होईल. खर्च तोच करणार होता. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे तोंड उघडून बसले. मीही बसलो. हसत बसलो. काही महिन्यांनी उत्तर आलं : सगळ्या शाखा एकमेकींशी जुळल्या, माझी जुळली नाही.

यात कुणाला धक्का बसायचं कारण नव्हतं. माझे आजोबा दत्तक होते, हे जुन्या पुस्तकातही छापलेलं होतं. पणजोबांना एकच अपत्य, एक मुलगी. तिचं लग्न झालं, तिला तीन मुलगे झाले. पणजोबांनी त्यातला मधला रीतसर दत्तक घेतला. आपल्याच मुलीचा मुलगा. तेच माझे आजोबा. त्या काळी ते सर्रास होत असे. दत्तकविधी झाला, गोत्र बदललं, आडनाव बदललं, आणि जन्मदाती आई कागदोपत्री बहीण झाली. घरात सांगतात, ती दर भाऊबीजेला माहेरी यायची आणि पाटावर बसवून आपल्याच पोटच्या मुलाला ओवाळायची. तो तिला 'आक्का' म्हणायचा. पहिल्या वर्षी म्हणे तिने ओवाळलं आणि ताट तिथेच ठेवून मागच्या पडवीत गेली. पुढच्या वर्षापासून नीट ओवाळायला लागली.

एवढं सगळं त्या बाईने सोसलं ते पणजोबांच्या नावाखाली रेघ राहावी म्हणून. आणि आता एका काडीने ती रेघ पुसली.

माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. जीवशास्त्र शिकली आणि आता परदेशातल्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्रॅम लिहिते. रविवारी तिच्या लेकीला घेऊन आली तेव्हा मी मुद्रित तिच्यापुढे आपटलं.

"रक्तसंबंध नाही म्हणतात! आजोबांची आई त्या घरात जन्मली. रक्त आणखी कुठून यायला हवं?"

"बाबा, आधी बसा. आणि आवाज खाली. ती झोपलीय."

मी बसलो. ती म्हणाली, "त्यांनी तपासलाय तो फक्त एक तुकडा. तो बापाकडून मुलाकडे जातो, जवळजवळ जसाच्या तसा. मुलीकडे जातच नाही. तुमच्या पणजोबांच्या मुलीकडे तो नव्हता, मग तुमच्या आजोबांकडे कुठून येणार? त्यांच्याकडे त्यांच्या जन्मदात्या वडिलांचा आला."

"आणि बाकीचं रक्त?"

"बाकीचं दोघांकडून येतं. प्रत्येक पिढीत पत्ते पिसल्यासारखं पिसलं जातं. त्यात पणजोबांचं बरंच आहे. तुमच्यात आहे, माझ्यात आहे, त्या झोपलेल्या बाईसाहेबांतही थोडं असेल."

"मग झालं तर! हेच त्यांना सांगतो."

"नका सांगू. फसाल." ती उठली आणि स्वयंपाकघरातून आमचे एकात एक बसणारे स्टीलचे डबे घेऊन आली. ते जमिनीवर मांडून म्हणाली, "हे त्यांचं पुस्तक. लहान डबा याच्यात, हा त्याच्यात, तो मोठ्यात. उपशाखा शाखेत, शाखा घराण्यात, घराणं कुळात. हे एवढं नीट बसतं, कारण प्रत्येकाला एकच बाप धरलाय. आता रक्ताने बसवा. मी तुमच्या डब्यात की आईच्या?"

"दोन्हीकडे."

"एक डबा एकाच वेळी दोन डब्यांत? आणि आईला परत दोघं, तुम्हाला दोघं. पानशेतचं पाणी आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यात आलं, आणि तिथून आपल्या नळाला. आता या पेल्यातलं पाणी कुठल्या धरणाचं? रक्ताचं झाड होतच नाही, बाबा. जाळं होतं. झाड होतं ते नियमाने. एक बाप मोजायचा, बाकीचं सोडून द्यायचं, हा नियम."

"पण तो तुकडा..."

"तो एक तुकडा तसा बसतो, डब्यात डबा. कारण त्याला एकच वाट आहे. पण आईकडूनही असा एक तुकडा येतो. तो मुलग्यांना मिळतो, पण ते पुढे देऊ शकत नाहीत. त्याची वंशावळ काढली तर तीही अशीच छान बसेल. फक्त तिच्यात जगातला प्रत्येक पुरुष निर्वंश."

हे मला फार आवडलं. मी म्हटलं, "अध्यक्षांना हे सांगतोच."

"तुम्ही रक्ताचं भांडण भांडू नका. नियमाचं भांडा. डबा दोन डब्यांत बसत नाही, तसा तो बाहेर जमिनीवर पडलेलाही चालत नाही. आजोबा कुठल्या डब्यात आहेत, ते विचारा."

मी ऐकून घेतलं. पण डोक्यात राग असला की मला शेवटचं वाक्य ऐकू येत नाही.

सभेत मी रक्ताचंच भांडलो. शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे अध्यक्ष, शेजारी कॉम्प्युटर घेऊन कोषाध्यक्षांचे जावई. वंशावळीचा सगळा प्रोग्रॅम या जावयांनी लिहिला होता. आमच्या पुस्तकात जावयाला 'अमुक कन्या, हिचा विवाह' एवढ्यापुरती जागा, पण काम तेच करत होते.

"या शेठ," अध्यक्ष म्हणाले. मला ते नेहमी शेठ म्हणत. "बसा. खुर्ची चालेल ना आपल्याला?"

"काका, आजोबांची आई आपल्या घराण्यातली. रक्तसंबंध नाही असं कसं छापता?"

"बाईकडून आलेलं आपण मोजत नाही."

"मग त्याला रक्त म्हणू नका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बरोबर आहे. मथळा बदलू. 'अन्य शाखा' करू."

पहिला भाव आला. मी मान हलवली. "मला मथळा नकोय. पणजोबांच्या नावाखालचा शब्द काढा."

"तो नियम आहे. ज्याची पुरुषपरंपरा जिथे थांबते तिथे तो शब्द येतो. तपासणीनंतर त्यांची तिथे थांबते. तुमच्यासाठी वेगळा नियम करायचा का? घासाघीस करायला हे बुधवार पेठेतलं दुकान नाही."

तो फूटपाथ, ते पोतं, सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी मुद्रित उघडून त्यांचंच पान त्यांच्यापुढे धरलं. अध्यक्षांना दोन मुली, दोघीही परदेशात. मुलगा नाही. त्यांच्या नावाखाली कोरं होतं.

"माझ्या पणजोबांना एक मुलगी. तुम्हाला दोन. त्यांच्या नावाखाली शब्द आणि तुमच्या नावाखाली कोरं? हा कुठला नियम?"

मला वाटलं, आता हा माणूस वाकणार. आयुष्यभर मी हेच बघत आलोय. समोरच्याची स्वतःची वस्तू तराजूत घातली की काटा हलतो.

अध्यक्षांनी खिशातून लाल पेन काढलं. आपल्या नावाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : निर्वंश. मग जावयांना म्हणाले, "हयात माणसांच्या बाबतीत आपण ते कोरं सोडलं होतं, संकोच म्हणून. यांचं म्हणणं रास्त आहे. साठी ओलांडलेल्या, मुलगा नसलेल्या सगळ्यांना लावा. सभेच्या नोंदीत घ्या." आणि माझ्याकडे बघून, "आणखी काही, शेठ?"

स्वतःला सूट न देणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरी आल्यावर मुलीला फोन करून सांगितलं. तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुम्ही भर सभेत त्यांना हे म्हणालात? दोन मुलींच्या बापाला?"

"मीही एका मुलीचा बाप आहे."

"तेच म्हणतेय मी."

मी फोन ठेवला. मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कोरी जागा ज्याने आपल्यापुरती ठेवली, त्याने ती भरावीच लागते. पण शब्द पणजोबांच्या नावाखाली तसाच होता.

तेव्हा मला तिचे जमिनीवर मांडलेले डबे आठवले. आजोबा कुठल्या डब्यात?

आजोबांच्या जन्मदात्या घराण्याचंही एक पुस्तक होतं. ते काम बघणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला. अस्सल पुणेरी माणूस. मी सगळी हकिकत सांगितली. शांतपणे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ते दत्तक गेले ना?"

"हो."

"म्हणजे तुमच्याकडे गेले."

"हो, पण आता आमच्याकडचे म्हणतात की तपासणीप्रमाणे ते तुमचे."

"अहो, दिलेला मुलगा परत घेतात का? आमच्या पुस्तकात ते नाव आम्ही केव्हाच कमी केलं. 'दत्तक गेले' लिहिलं आणि विषय संपला. आपण आता ते परत पाठवणार असाल तर आमच्याकडे ठेवायला जागा नाही." आणि फोन बंद.

पुढच्या सभेला मी आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो. बोललो ते अध्यक्षांशी नाही, जावयांशी.

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये माझ्या आजोबांच्या वडिलांच्या जागी काय टाकलंत?"

ते जरा अवघडले. "तोच प्रॉब्लेम आहे. फादर कंपल्सरी आहे. मूळ पुरुष सोडला तर प्रत्येकाला एक फादर लागतोच, आणि एकच. मी तुमच्या आजोबांचा काढला, तर ते रेकॉर्ड ऑर्फन दाखवतं. अनाथ. तुमची शाखा मला दरवेळी हाताने बाहेर काढून वेगळी टाइप करावी लागते."

"जन्मदाते वडील टाकून बघा."

"ते आपल्या कुळातच नाहीत. सिस्टीम घेत नाही."

अध्यक्ष ऐकत होते. मी त्यांना दुसऱ्या घराण्याशी झालेलं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. 'परत घेतात का' वर दोघंतिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"म्हणजे हा माणूस त्यांच्या पुस्तकात नाही?"

"नाही."

"आणि आपल्याही नाही."

"परिशिष्टात आहे."

"परिशिष्ट म्हणजे पुस्तक नव्हे," ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःच म्हणावं याची मी दोन आठवडे वाट बघत होतो. ते उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच बोलले, "वंशावळीत माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणून तर दत्तक देताना इकडून तोडून तिकडे जोडत. जुन्यांनी ते नीट विचार करून केलं होतं. आपण तपासणी करून त्यांना तिकडून तोडलेलं तसंच ठेवलं आणि इकडूनही तोडलं. कुठेच नसलेला माणूस कसा छापायचा?"

"मग काय करायचं?" जावयांनी विचारलं.

"ज्याने रीतसर मुलगा म्हणून घेतला तो बाप. ती तपासणी द्या प्रस्तावनेत, चार ओळी. वंशावळीत नको. तो शब्द काढा आणि रेघ ओढा."

जावयांनी तिथल्या तिथे टाइप केलं. पडद्यावर पणजोबांच्या खाली रेघ आली, आणि तिच्याखाली आजोबा, वडील, मी. मी जवळ जाऊन बघितलं. अध्यक्षांचे आभार मानले नाहीत. त्यांनी माझं ऐकलं नव्हतं, नियमाचं ऐकलं होतं.

महिन्याभराने शेवटचं मुद्रित तपासून सही करायला त्यांनी घरी बोलावलं. टिळक रस्त्याच्या मागे त्यांचा फ्लॅट. भिंतीवर दोन मुलींचे, नातवंडांचे फोटो. मी दारातल्या खुर्चीत बसून आमचं पान उघडलं. पणजोबांच्या खाली रेघ होती. ती मी बोटाने माझ्यापर्यंत आणली. माझ्या नावापुढे मुलीचं नाव, 'हिचा विवाह' वगैरे. आणि माझ्या नावाखाली एकच शब्द.

"हे काय?"

"आपण मुख्य वंशावळीत आलात," अध्यक्ष म्हणाले. "साठी झाली ना गेल्या महिन्यात? नियम आपल्याच मुद्द्यावरून झाला. नोंदीत आहे."

परिशिष्टातल्या लोकांना तो शब्द लागत नव्हता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीच्या ते पहिल्या फोनवरच लक्षात आलं असावं.

"मला मुलगी आहे, काका. नात आहे."

"मलाही आहेत." त्यांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "मग दोघांचाही काढू. तुमचा आणि माझा. मुलीचीही रेघ पुढे ओढू."

ते लगेच नाही म्हणाले नाहीत. बोलले ते अगदी सावकाश, सभेत बोलत तसं नाही. "मीही विचार केला होता. पण मुलीवरून रेघ चालते असं म्हटलं, तर तुमच्या पणजोबांना मुलगी होतीच. मग दत्तकाचं कारणच उरत नाही. दत्तक गळला की तुमचे आजोबा पुन्हा जन्मदात्या बापाचे होतात, आणि तिच्या सासरच्या पुस्तकात जातात. आणि ते त्यांना घेणार नाहीत, हे तुम्हीच विचारून आलात."

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत होतो. कुठून तरी फट सापडेल म्हणून. माझा शब्द हलवला की वरची रेघ निसटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच असा सौदा बघितला, ज्यात दुसरा भाव नव्हता.

"पेन आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि आपलं लाल पेन पुढे केलं.

मी सही केली. मुद्रित परत देताना ते म्हणाले, "चहा घेणार?"

इतक्या वर्षांत त्या घरात मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नको, दुकान उघडायचंय.